मोटारीचं मुसकं

आमचे सासरे मोटार चालवत नसत, हाकत. गिअर टाकताना "चाल मन्ही माय, चाल" म्हणायचे. उतार लागला की पाय ब्रेकवर जायच्या आधी तोंडानं "हो, हो, हो" सुरू व्हायचं, आणि चढावर स्वतःच पुढे झुकून दातओठ खायचे. शहाद्याच्या बाजाराला जाताना वाटेत जेवढे नाले लागत तेवढ्या नाल्यांवर मोटार थांबे. गरज असो नसो, बादलीभर पाणी समोरच्या टाकीत ओतलं जाई. टाकी भरलेलीच असली की पाणी वरून सांडायचं. मग आबा तिच्या नाकाडावर दोन थापा मारून म्हणायचे, "पोट भरेल शे तिनं." आणि समाधानानं पुन्हा चाकामागे जाऊन बसायचे.

मी कळसाडीला सून म्हणून आले त्याच्या आधी ही मोटार घरात आलेली होती, आणि तिचा मान माझ्याहून मोठा होता. जंगलखात्यातल्या एका गोऱ्या साहेबानं विलायतेला परत जाताना ती विकली. आली तेव्हाच म्हातारी होती. छप्पर कापडाचं, तेही दोन ठिकाणी उसवलेलं; एक दार कडीऐवजी सुतळीनं बांधलेलं. तरी पोळ्याला बैलांच्या बरोबरीनं तिला नदीवर नेऊन घासूनपुसून धुवायचे. दिव्यांना गेरू, नाकाडावर झूल, आणि पुढच्या दांडीवर पुरणपोळीचा घास. मिरवणुकीत ती सगळ्यात मागे, कारण आबांच्या हिशोबी ती दावणीला शेवटी आलेली, म्हणून धाकटी. गावातलं कोणी तरी दर पोळ्याला विचारायचंच, "आबा, इन्हा शिंगं कठे शेत?" आबा शांतपणे भोंगा दाबायचे. एवढंच उत्तर.

माणसांशी ते फार बोलत नसत. घरात दिवसभरात त्यांच्या तोंडून निघालेले शब्द ओंजळीत मावले असते. बोलायचं असेल ते सगळं गोठ्यात नाही तर मोटारीत. माझे यजमान धुळ्याला कचेरीत नोकरीला, ते सुट्टीत आले की बापलेक ओट्यावर समोरासमोर बसून तासन्‌तास गप्प असायचे आणि उठताना दोघांनाही बरं वाटलेलं दिसायचं. मला पहिल्या वर्षी वाटलं, यांचं आपसात काही तरी बिनसलंय. नंतर कळलं की हेच त्यांचं गोडीत असणं.

त्यांचे नियम मात्र फार. दुपारी जनावर जुंपायचं नाही, म्हणून दुपारी मोटारही निघायची नाही. एकदा तालुक्याचे मामलेदार उन्हाचे आमच्या ओट्यावर आले, त्यांची सर्व्हिस मोटार चुकली होती. म्हणाले, पाटील, जरा शहाद्यापर्यंत सोडा. आबा म्हणाले, "ती बठेल शे." मामलेदारांना आधी समजलंच नाही कोण बसलंय ते. ऊन कलल्यावर आबांनी मोटार काढली, तर मामलेदार सवयीनं मागच्या गादीकडे गेले.

"पुढे बठा साहेब. मांगे जागा नही."

"रिकामी तर आहे की."

"रिकामी नही. ती भरेल शे."

मामलेदार मुकाट्यानं पुढे बसले. मागच्या गादीवर धुतलेली गोधडी घडी न मोडता अंथरलेली असायची आणि तिच्यावर कोणी बसायचं नाही. मी नवी नवरी होते तेव्हा मलाही नाही. ती जागा जिजींची होती. जिजी म्हणजे माझ्या सासूबाई.

जिजी माझ्या लग्नाच्या आधी कडब्याच्या माळ्यावरून शिडीसकट पडल्या होत्या. कंबरेत काही तरी कायमचं मोडलं. घरातल्या घरात भिंतीला धरून चालायच्या, बसून भाकरी थापायच्या, पण बैलगाडीत बसणं जमायचं नाही. चाक एका दगडावरून गेलं तरी त्यांचे डोळे पांढरे व्हायचे. आणि आमच्या खानदेशात लेकीच्या जातीला आखाजी चुकली म्हणजे वर्ष चुकलं. अक्षय तृतीयेला गावोगावच्या लेकी माहेरी जातात, झाडांना झोके बांधतात, गाणी म्हणतात, चार दिवस कुणाच्या सुना नसतात. जिजींचं माहेर तळोद्याच्या अलीकडे, डोंगर दिसायला लागतात तिथं. दर आखाजीला त्यांचा भाऊ गाडी सजवून त्यांना न्यायला यायचा. गाडीच्या तळाशी कडबा, त्यावर गादी, त्यावर आणखी गादी. जिजी ओट्यावरून गाडीकडे बघायच्या, भावाला जेवू घालायच्या, आणि आईसाठी लुगडं बांधून द्यायच्या. गाडी रिकामीच परत जायची. आई आंधळी झालेली, जागची हलत नसे. दारात बसून येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या घुंगरांना लेकीबद्दल विचारायची, "उनी का मन्ही अंडेर?" हे भाऊ सांगायचा आणि सांगू नये असं त्याला दरवर्षी नंतर वाटायचं.

म्हणून मोटार. आबांनी हे कधी कुणाला सांगितलं नाही, पण साऱ्या गावाला माहीत होतं. म्हातारी डोळे मिटायच्या आत जिजींना एका आखाजीला त्या दारात नेऊन उतरवायचं, एवढ्यासाठी तो माणूस पन्नाशीनंतर गिअर शिकला.

आता ज्या गोष्टीनं सगळं झालं ती सांगते. आबांच्या खळ्यावर बैलांना कधी मुसकं लागलं नाही. मळणीत बैल फिरतात तेव्हा पायाखालची कणसं खातात, म्हणून लोक त्यांच्या तोंडाला सुतळीचं जाळीदार मुसकं बांधतात. सगळेच बांधतात, त्यात कुणाला काही वाटत नाही. आबांना वाटायचं. "ज्यानी पिकाडं, त्यालेच उपाशी ठेवशात का?" हे त्यांचं त्या बाबतीतलं एकमेव वाक्य. आमचे बैल खळ्यावर मनसोक्त ज्वारी खायचे आणि मळणी शेजाऱ्यांच्या दुपटीनं लांबायची. आबांच्या चेहऱ्यावर मात्र जावई जेवायला घातल्याचा आनंद.

लढाईचे दिवस होते. पेट्रोल कुपनावर मिळायचं. आबांनी थेंबथेंब साठवून ठेवलेलं. आधीच्या आखाज्यांना कधी पेट्रोल पुरलं नव्हतं, कधी जिजींची कंबर धरली होती; त्या वर्षी त्यांची तब्येत जरा बरी होती, आणि आखाजीला न्यायचं असं न बोलता ठरलं होतं. चैत्रात शहाद्याच्या बाजाराहून येताना मोटार एकदा उकळली. टाकीच्या झाकणातून वाफ आली. तिथं कापसाच्या जिनातला एक लॉरीवाला भेटला. त्यानं नाकाड उघडून बघितल्यासारखं केलं आणि म्हणाला, "आबा, ह्या मोटारमा एक डबी ऱ्हास. ती पानी अडाई ठेवस. तठे विलायतमा थंडी, म्हनीसन."

"पानी अडाई ठेवस?"

"हां. दार लाई लेस."

त्या डबीला थर्मोस्टॅट म्हणतात हे मला पुढे कितीतरी वर्षांनी कळलं. आमच्या घरात त्या संध्याकाळी तिचं नाव पडलं ते मुसकं. आबा जेवताना आपण होऊन बोलले, म्हणून माझ्या लक्षात राहिलं. "बिचारीले मुसकं बांधेल शे. इतला वरीस तिले पानी पाजं, आनि तिना घसाखाले उतरनंच नही." हातातला घास तसाच होता. एखाद्या मुक्या जनावरावर आपल्याच दावणीला अन्याय झाल्याचं कळावं तसा त्यांचा चेहरा झाला होता.

दुसऱ्या दिवशी ते ओट्यावर बसून बाभळीची एक खुंटी तासत होते. मला वाटलं नांगराची पाचर असेल. गावात मोडलेल्या, ढिल्या झालेल्या, न उघडणाऱ्या प्रत्येक वस्तूला बाभळीची पाचर हाच उपाय.

आखाजीला मीही माहेरी जायची, पण त्या वर्षी जिजींना वाटेत सांभाळायला हवं म्हणून थांबले. पहाटे निघालो. जिजी मागच्या गादीवर आडव्या, डोकं माझ्या मांडीवर. नवं हिरवं लुगडं, हातात चुडा. मोटार हलली तेव्हा त्यांनी माझा हात घट्ट धरला, आणि थोड्या वेळानं सोडून दिला. "हादरा बसत नही वं," म्हणाल्या. गाव मागे गेलं, कपाशीची उजाड शेतं मागे गेली. जिजी वर कापडाच्या भोकातून दिसणाऱ्या आभाळाकडे बघत होत्या आणि हसत होत्या. आईला काय काय सांगायचं ते मला आधीच सांगून ठेवत होत्या. म्हातारीला दिसणार नाही, म्हणून मोटारीवरून तिचा हात फिरवून आणायचा, असंही ठरलं.

अर्धी वाटही झाली नव्हती, तर मोटार उकळली. आबांनी पाणी ओतलं. पुन्हा चालू केली, हाकेच्या अंतरावर गेली, पुन्हा उकळली. असं होत होत ऊन वर आलं. आम्ही एका नाल्याच्या काठी पळसाखाली थांबलो, पळसाला वैशाखात सावली ती किती असणार. मी पदर ओला करून जिजींच्या कपाळावर ठेवत होते. आबा नाल्यातल्या डबक्यातून पाणी आणत होते आणि ओतत होते. त्यांच्या हाताला फोड आलेले मी पाहिले. मोटारीशी ते बोलत होते, आधी गोंजारून, मग विनवून.

कळसाडीकडे जाणारी एक रिकामी गाडी आली. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. जिजींना गाडीत घातलं, आणि घर येईपर्यंत त्या माझ्या मांडीवर दोनदा बेशुद्ध झाल्या. दिवाळीपर्यंत त्यांनी खाट सोडली नाही.

मोटार बैलांनी ओढून आणली. सगळ्या गावानं ते पाहिलं. आबांनी नंदुरबारला निरोप धाडला आणि तिथला मिस्तरी आला. त्याचं मूळ घराणं तांब्यापितळेच्या भांड्यांना कल्हई करणाऱ्यांचं, त्यानं स्वतः मोटारी धरलेल्या. हडकुळा, दाढी मेंदीनं लाल, बिडी कानावर. आला तसा हत्यारं न काढता आधी उकिडवा बसून प्रश्न विचारायला लागला.

"पाटील, मोटार उकयनी तवय पुढली जाळी कशी व्हती? गरम का गार?"

आबांना सांगता येईना. मी दारामागून म्हणाले, "गार व्हती. मी हात लाईसन दखा व्हता."

मिस्तरीनं मान हलवली. "इंजन पेटेल आनि जाळी गार. म्हनजे पानी फिरनंच नही. मझारमा काही तरी अडकेल शे." मग त्यानं मोटार चालू करून वरच्या रबरी नळीला हात लावला, खालच्या नळीला लावला, पुन्हा वरच्या. दोन बोल्ट सोडले, पितळेचं वाकडं नळकांडं बाजूला केलं आणि आतून एक डबी काढून तळहातावर धरली. लिंबाएवढी असेल, पितळेची, एकावर एक चकत्या रचल्यासारखं पोट आणि वर झाकण. झाकणाच्या फटीत काही तरी काळं, फुगलेलं, चिरून दोन झालेलं अडकलं होतं.

"हाई काय शे?"

"बाभूयनी खुटी शे," आबा म्हणाले. "मी घाली."

"कसाले?"

"मुसकं उघडाले."

मिस्तरी हसला असता तर बरं झालं असतं. तो हसला नाही. खाटेवर जिजी होत्या, दार उघडंच होतं, त्यांना सगळं ऐकू जात होतं. मिस्तरीनं ओट्यावर चूल मांडायला सांगितली. पातेल्यात पाणी, पाण्यात ती डबी तारेनं टांगलेली. जिजी म्हणाल्या, मला दिसेल अशी ठेवा. आम्ही खाट दाराशी ओढली.

"थंडी व्हई तवपावत हाई बंदच ऱ्हावाले पाहिजे, पाटील," मिस्तरी म्हणाला. "इंजन तापनं का आपलीआपन उघडस."

"आपलीआपन?"

"हां. कोनले इचारत नही."

पाणी तापलं, तळाशी बारीक बुडबुडे आले, मग ते घुमायला लागलं. मिस्तरी डबीकडे बोट दाखवून म्हणाला, "आते उघडाले पाहिजे." डबी उघडली नाही. पाणी खळखळून उकळलं, तरी नाही. त्यानं ती बाहेर काढली. खुंटी ठोकताना आतली दांडी वाकली होती, आणि फुगलेल्या लाकडानं झाकण कायमचं आवळून धरलं होतं. आबांनी विचारलं, "पहिले चांगली व्हती का?"

मिस्तरीनं चुलीतला विस्तव मागे ओढला. "चांगलीच व्हती. पंखाना पट्टा ढिला शे तुम्हना. बजारना वाटमा उकयनी ती त्यानामुये. बस, तितलंच."

आबा उठून गोठ्यात गेले. पट्टा आवळायला मिस्तरीला बिडी ओढायला लागतो तेवढासुद्धा वेळ लागला नाही.

जाताना मिस्तरीनं तोड सांगितली होती. आपल्या मुलखात ही डबी काढून टाकतात, तिच्यावाचून मोटार चालते, थंडीत जरा कुरकुर करेल इतकंच. लढाईमुळे नवी डबी कधी येईल सांगता येत नाही. आबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "नही. जशी व्हती तशीच पाहिजे. मी आते तिन्हामातून काही काढाव नही आनि काही घालाव नही."

त्यांनी स्वतःला दिलेली ही शिक्षा होती, हे मला समजत होतं. पण ती भोगत कोण होतं? मला तेव्हा त्यांचा फार राग यायचा, आणि आजही या एका गोष्टीवरून येतो. मिस्तरीनं मुंबईला सांगून ठेवलं. आबा सारखे नंदुरबारला जायचे, सर्व्हिस मोटारीनं, तापी उतरून. स्टेशनवर सुरतेकडची गाडी यायची, पार्सलचा डबा उघडायचा, आबा मिरचीच्या पोत्यांच्या बाजूला उभे राहून शिंकत वाट बघायचे. पार्सलबाबू बाकावर बसा म्हणायचा तरी बसायचे नाहीत. परत येताना मोकळे हात. मोटार नाकाड उघडी टाकून गोठ्यात उभी होती, आणि कोंबड्या तिच्यात जाऊन बसत. आबा त्यांना हाकलतही नसत.

दिवाळीनंतर जिजी बऱ्या झाल्या. भिंत धरून पुन्हा चुलीपर्यंत आल्या. एकदा भाकरी थापताना मला म्हणाल्या, "बिगर डबीनी चालस म्हने व्हता ना मिस्तरी?" मी हो म्हटलं. "आखाजीपावत थांबानं काय कारन? माय काई सणनी वाट दखत नही." मी तो निरोप तसाच आबांकडे नेला. आबांनी हातातली बादली खाली ठेवली. मग म्हणाले, "एकदाव मन्ही अक्कल चालाई, आनि तिले पलंगवर टाकी. आते वाटमा परत काही हुई गयं तर? नही बेटा. डबी येवू दे."

मी आत येऊन सांगितलं. जिजी "बरं" म्हणाल्या आणि परातीतलं पीठ पुन्हा मळायला लागल्या. मळून झालेलं होतं ते.

माघात त्यांच्या भावाचा गडी आला. अंगणात येऊन उभा राहिला आणि पागोट्याचं टोक तोंडाला लावलं, तेव्हाच आम्हाला कळलं. म्हातारी आदल्या दिवशी गेली होती. तिला कोणी तरी सांगितलेलं होतं की लेक आता गाडीनं नाही, मोटारीनं येणार. तेव्हापासून तिनं घुंगरांकडे लक्ष देणं सोडलं होतं. तळोद्याच्या रस्त्यावरून एखादी लॉरी भोंगा वाजवत गेली की उठून बसायची. शेवटच्या दिवशीही बसली होती म्हणे.

जिजी रडल्या, बायका रडतात तशा, गळा काढून. आबांना रडता आलं नाही. ते मोटारीच्या पुढच्या जागेवर जाऊन बसले, आणि त्यांना जेवायला बोलवायचं कुणाचंच धाडस झालं नाही.

डबी होळीच्या सुमारास आली. मिस्तरी स्वतःच घेऊन आला, आणि पुन्हा ओट्यावर चूल मांडली. मला वाटलं जिजी बघायला येणार नाहीत. त्या आल्या, दाराच्या चौकटीला टेकून बसल्या. पाणी घुमायला लागलं आणि डबीचं झाकण हळूच वर उचललं गेलं, कुणी हात न लावता. मिस्तरीनं पातेलं उतरवून त्यात गार पाणी ओतलं. झाकण खाली बसलं. "देखा पाटील," तो म्हणाला. आबांनी नुसती मान हलवली. जिजी म्हणाल्या, "उघडनी." आणि भिंत धरून आत गेल्या.

मिस्तरीनं डबी बसवली, मोटार चालू केली, दोन्ही नळ्यांना आळीपाळीनं हात लावून बघितला. आधी खालची गार, मग हळूहळू दोन्ही गरम. त्यानं मलाही हात लावून बघायला सांगितलं. आबांनी लावला नाही.

आखाजी जवळ आली तेव्हा आबा जाण्याचं नावही काढेनात. कशाला जायचं, कोणाकडे जायचं, असा तो प्रश्न होता आणि विचारायची कुणाची छाती नव्हती. जिजींनीच सांगितलं, "मन्ही मायनी घागर भरतीन यंदा. मी जासू." आखाजीला आमच्याकडे गेलेल्या माणसांच्या नावानं पाण्याची घागर भरतात. म्हातारीची ही पहिली घागर.

त्याही वर्षी मी माझ्या माहेरी गेले नाही. पहाटे निघालो. जिजींनी साधं लुगडं नेसलेलं. आबा त्या दिवशी मोटारीशी एक शब्द बोलले नाहीत. चढावर नाही, उतारावर नाही. कुठल्याही नाल्यावर थांबले नाहीत. मी मागून त्यांच्या पागोट्याकडे बघत होते, ते जरासुद्धा हलत नव्हतं. पळसाचा तो नाला आला आणि गेला. मोटार नीट चालली, इतकी नीट की मला तिचा संताप आला. ऊन चढायच्या आत डोंगर दिसायला लागले.

भावाच्या दारात सगळं गाव जमलं. पोरं मोटारीला चिकटली. समोरच्या निंबाला झोका बांधलेला होता, त्यावरच्या मुली गाणं थांबवून बघत राहिल्या. भाऊ तांब्या आणि परात घेऊन पुढे आला, जावयाचे पाय धुवायला. आबा उतरले आणि परातीत पाय न ठेवता तसेच ओसरीवर गेले. तिथं भिंतीशी धान्याच्या राशीवर नवी लाल घागर मांडलेली होती, तोंडावर डांगर, म्हणजे खरबूज, डांगरावर पुरणपोळी, गळ्याला सूत. आबांनी पागोटं काढून घागरीसमोर जमिनीवर ठेवलं. आमच्याकडे जावई सासरच्या दारात पागोटं काढत नाही. बायकांमध्ये कुजबुज झाली आणि लगेच थांबली.

ते खाली बसले आणि लेक घेऊन आल्याचं घागरीला सांगू लागले, "लई उनू माय. तुन्ही अंडेर लई उनू." मग त्यांनी मागे मोटारीकडे हात केला. "मोटार तवयच उनी असती वं. बिगर डबीनी उनी असती. मी नही आनी." आणि तो माणूस, ज्याला मी कधी मोठ्यानं बोलताना ऐकलं नव्हतं, सगळ्या सासुरवाडीसमोर हंबरडा फोडून रडला.

जिजींना एकटीनं उतरता येत नव्हतं. मी आणि त्यांच्या भावानं त्यांना दोन्ही बाजूंनी उचलून ओसरीवर नेलं. कुठं बसवायचं म्हणून आम्ही थांबलो, तर त्यांनी बोट दाखवलं. आबांच्या शेजारी. त्या काळी बाई चारचौघांत नवऱ्याला लागून बसत नसे. जिजी बसल्या. त्यांनी घागरीला हात लावला, पाणी थंड होतं, मातीला बाहेरून ओल आली होती. तोच ओला हात त्यांनी आबांच्या उघड्या डोक्यावर ठेवला.

"माय," त्या घागरीला म्हणाल्या, "ह्यास्ले काही बोलू नको. तुन्हापेक्षा जास्ती वाट ह्यास्नीच दखी."

आत पानं वाढून झाली होती. भावजय दोनदा दारात येऊन परत गेली. बराच वेळ कोणीच उठलं नाही.